दुसरा ब

४ नोव्हेंबर

आई,

‘तीर्थरूप’ लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, हिला काहीतरी हवंय. काही नकोय. म्हणून नुसतं आई.

फोन तू उचलत नाहीस, आणि मामाकडे निरोप दिला की वाटेत त्याला तिखटमीठ लागतं. तेव्हा पत्र.

नाट्यगृहाच्या नव्या हंगामाचं पोस्टर मी करतेय. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. इतकी वर्षं ते पोस्टर तू केलंस, हे मी विसरलेले नाही. पण काम मी पळवलेलं नाही. व्यवस्थापक बदलल्या, नव्या बाईंनी काम मी नोकरी करते त्या स्टुडिओला दिलं, आणि त्यानंतर स्टुडिओच्या साहेबांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं. हे वाक्य प्रत्येक चोर म्हणतो, हेही मला माहीत आहे, म्हणून ते कारण म्हणून पुढे करत नाही. कारण एवढंच की मला ते करायचं होतं.

मी घर सोडलं त्या दिवशी तू म्हणालीस, “एकतर हात, नाहीतर यंत्र. दोन्हीकडे हात मारणाऱ्याचं एक ना धड, भाराभर चिंध्या.” मग पुठ्ठ्याच्या साच्यांची पेटी कपाटात ठेवून कुलूप घातलंस. माझ्यासमोर. जशी काही मी पेटी उचलून पळणारच होते. मी बरोबर फक्त माझं पातं आणलं आहे. तू मोजून बघ. तू मोजलं असशीलच.

खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. त्याचं मशीन चालू असलं की माझं टेबल थरथरतं, म्हणून तो जेवायला गेला की मी पुठ्ठा कापते. एक जुना स्कॅनर घेतलाय. तुला राग यायचाच असेल तर नीट माहिती घेऊन यावा, म्हणून सांगते. अक्षरं मी पुठ्ठ्यात कापणार, तू शिकवलीस तशीच. रोलरने कागदावर उतरवणार, पण सगळं नुसत्या काळ्या शाईत. मग ते कागद स्कॅनरवर ठेवून संगणकात घेणार, आणि रंग तिथे देणार. आपण पिवळ्यावर निळा मारून, तो वाळेपर्यंत हिरवा कसा येतोय म्हणून जीव टांगणीला लावायचो. इथे तो हिरवा मी पन्नास वेळा बदलू शकते. रोलरचे ओरखडे, शाईचे दाणे, कडेला जरा फुगलेली रेघ, हे सगळं जसंच्या तसं राहतं.

मला असं पोस्टर करायचंय ज्यात हात हातासारखा दिसेल, यंत्र यंत्रासारखं, आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याचं सोंग घेणार नाही. ते भिंतीवर लागलं की तू बघावंस. पटू दे, न पटू दे. बघावंस.

तुझी टाचणी


१३ नोव्हेंबर

आई,

मामा आला होता. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसला आणि म्हणाला, “तुझी आई म्हणते, आधी काळ्यात छापायचं आणि रंग मागून ठरवायचा, म्हणजे आधी लग्न लावायचं आणि मग मुलगा बघायला जायचं.”

म्हणजे तू पत्र वाचलंस.

मी म्हटलं, “तिला सांग, निदान पसंत नाही पडला तर बदलता येतो.”

“हे मी सांगणार नाही,” मामा म्हणाला. “मला जेवायला तिच्याच घरी जायचंय.”

म्हणून इथे लिहिलं.

नाट्यगृहाने दिलेला मजकूर तीन शब्दांचा आहे: या, बसा, बघा. खाली तारखा. चित्र माझं मला ठरवायचं होतं. मी खुर्ची घेतली. नाट्यगृहातली, बसणारा उठला की आपोआप मिटणारी. एक साचा मिटलेल्या खुर्चीचा, एक उघडलेलीचा. साहेब म्हणाले, “एक छाप घे, बाकीच्या कॉपी कर. सगळ्या खुर्च्या सारख्याच असतात.” मी म्हटलं, सारख्या असतात, पण त्यांच्यावर बसणारे नसतात. त्यांना ते फार आवडलं, लगेच ग्राहकांना सांगायला वहीत लिहून घेतलं. मला मात्र लाज वाटली, कारण मी ते फक्त वाद टाळायला बोलले होते. खरं कारण तू आहेस. एकाच साच्यातून काढलेले दोन छाप तू कधी एकसारखे येऊ दिले नाहीस. रोलरवर शाई कमी झाली की म्हणायचीस, “थांब, आणखी लावू नकोस. त्याला जरा भूक लागू दे.”

तर प्रत्येक खुर्ची मी वेगळी छापली. कुठे शाई भरपूर, कुठे भुकेली. खोलीभर दोऱ्या बांधून वाळत घातल्या, दोन दिवस वाकून चालले. मग सगळ्या संगणकात घेतल्या आणि रांगा लावत बसले. आता तू ऐक, कारण हे तुझ्या टेबलावर कधीच झालं नसतं. मी तिसऱ्या रांगेतली एक भुकेली खुर्ची उचलून पहिल्या रांगेत टाकली आणि सगळं नाट्यगृह बदललं. परत ठेवली, परत बदललं. तुझ्याकडे एकदा छापलं की छापलं. तू ते अभिमानाने सांगतेस. मला त्याची भीती वाटायची, लहानपणापासून. तू कधी विचारलं नाहीस म्हणून मी कधी सांगितलं नाही.

टाचणी


२१ नोव्हेंबर

आई,

आज अक्षरांवर आले.

तुला आठवतं, पहिलीत बाईंनी पाटीवर ब काढायला सांगितला आणि मी तो पोटापाशी दोन ठिकाणी तोडून काढला होता? बाईंनी चूक दिली. तू छापखान्यातली शाई हाताला तशीच ठेवून शाळेत आलीस आणि सगळ्या वर्गासमोर बाईंना म्हणालीस, “तुमचा ब गळून पडेल.” त्या बिचाऱ्या बघतच राहिल्या. त्यांना कुठून माहीत असणार? मला अक्षरं आधी भोकं म्हणून कळली होती. पुठ्ठ्यात अक्षर कापलं की त्याच्या पोटातला तुकडा सुटा होतो आणि पडतो, तो पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची बारीक पट्टी सोडायची, तिला पूल म्हणायचं. आपल्या घरी हे चालता येण्याच्या आधी कळतं. आणि ब तर आपला वैरीच. पोटात तिरपी रेघ, म्हणजे दोन तुकडे, म्हणजे दोन पूल.

या मजकुरात दोन ब आहेत. ‘बसा’चा आणि त्याच्या खाली ‘बघा’चा. तुझा नियम मी पाळला: तेच अक्षर पुन्हा आलं तरी पुन्हा कापायचं, कारण शेजारी बदललेला असतो. स शेजारी बसणारा ब वेगळा, घ शेजारचा वेगळा.

पहिल्या ब चे पूल मी जरा जाड ठेवले. खाली मशीन सुरू झालं होतं, हात हलत होता. दुसऱ्याचे मात्र तुझ्या मापाचे कापले, दोऱ्याइतके. पहिला छान उतरला. दुसरा रोलर फिरवताना फाटला, पूल तुटून पोटातला तुकडा रोलरलाच चिकटून वर गेला. छपाईला फाईल आजच द्यायची होती आणि शाईने भिजू नये म्हणून तेल पाजलेला पुठ्ठा संपला होता. मग तो एक ब मी संगणकाच्या पाटीवर, तिच्या पेनने काढला. हातानेच काढला, पण कापला नाही.

काम वेळेत दिलंय. सगळं ठीक आहे.

टाचणी


२४ नोव्हेंबर

आई,

सगळं ठीक नाही.

नमुन्याची प्रत आली ती भिंतीला लावून मी समोर चहा पीत बसले होते. छान वाटत होतं. मग दुसऱ्या ब कडे लक्ष गेलं आणि मी कप खाली ठेवला. त्याला दोन पूल होते. बारीक, नेटके, अगदी तुझ्या मापाचे. मी ते मुद्दाम काढले नव्हते. हाताने आपणहून काढले, मला विचारलंच नाही. ब म्हटलं की हात दोन ठिकाणी थांबतो.

पण ते पूल काय धरून होते? काहीच नाही. संगणकात पोट पडत नाही. पहिल्या ब चे पूल आहेत कारण ते नसते तर अक्षर उरलंच नसतं. दुसऱ्याचे नुसते दागिने. म्हणजे यंत्राने हाताचं सोंग घेतलं होतं, आणि ते सोंग मीच चढवलं होतं. तू ज्याला चिंध्या म्हणतेस ते नेमकं हेच असेल तर तुझं बरोबर होतं. हे मान्य करायला मला अर्धा दिवस लागला.

मग मी दोन्ही पूल काढून टाकले. दुसऱ्या ब ची रेघ कुठेही न तुटता फिरू दिली. फाईल घेऊन साहेबांकडे गेले.

“हे काय?” ते म्हणाले. “एका ब ला चिरा आणि एकाला नाहीत?”

“चिरा नाहीत, पूल आहेत. दुसऱ्याला गरज नव्हती.”

“मग पहिल्याचेही काढ.”

“पहिल्याला गरज होती.”

“आता आहे का? कोण पडतंय आता?”

“पडलं नाही, कारण ते होते.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की ते मोठ्या भावासारखे बोलतात. “हे बघ, पहिला उचल, दुसऱ्याच्या जागी ठेव. दोन सेकंदांचं काम आहे. लोकांना वाटेल चूक झाली. कुणी विचारलं तर मी काय सांगू?”

“कसा केला ते सांगा.”

तेव्हा माझी नजर खालच्या ओळीवर गेली. तारखांच्या खाली त्यांनी स्वतः एक ओळ टाकली होती: संपूर्ण हस्तनिर्मित.

“हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“थोडं खरं आहे.”

“‘संपूर्ण’ लिहिलंय, साहेब.”

“लोकांना आवडतं गं ते. तुझ्या आईचं काम गेलं ते यंत्रामुळे, आणि आता लोकांना पुन्हा हातच हवाय. मग देऊ या की.”

आई, त्यांनी तुझं नाव काढलं म्हणून नाही, खरंच नाही, पण माझा आवाज चढला. मी म्हटलं, ही ओळ गेली नाही तर माझं काम मी परत घेते. ते म्हणाले, काम स्टुडिओचं आहे, तुझं नाही. कायद्याने ते बरोबर आहेत, मी नंतर करार वाचला. तेव्हा वाचलेला नव्हता, आणि बरंच झालं.

उद्या मी दोन्ही नमुने घेऊन नाट्यगृहात जाणार आहे. साहेबांना सांगून जाणार, चोरून नाही. नोकरी जाऊ शकते. तरी जाणार.

टाचणी


२६ नोव्हेंबर

आई,

गेले.

नव्या व्यवस्थापक बाईंच्या खोलीत अजूनही तुझं जुनं पोस्टर आहे, दारामागे, कोट अडकवायच्या खुंट्यांच्या खाली. मी ते बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. मी ओळख सांगितली नाही. मला तुझ्या नावावर काही मिळवायचं नव्हतं.

साहेबही आले होते. मी दोन्ही नमुने टेबलावर ठेवले, त्यांचा आणि माझा. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, मग पुन्हा इकडे.

“मला काही फरक दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

साहेब हसले. मी बोट ठेवून दाखवलं. पहिला ब कसा कापला, पूल का सोडले, दुसरा कसा फाटला, मग तो कुठे काढला, आणि त्याला पूल का नाहीत. बोलता बोलता मला कळत होतं की मी फार बोलतेय, तरी मी खुर्च्यांपर्यंत गेले. कुठली शाई हाताची, कुठला रंग संगणकातला, सगळं.

“आणि हे लोकांना कसं कळणार?” बाईंनी विचारलं.

मी माझ्या नमुन्याची खालची ओळ दाखवली. ‘संपूर्ण हस्तनिर्मित’च्या जागी मी लिहिलं होतं: अक्षरं आणि खुर्च्या पुठ्ठा कापून; रंग, मांडणी आणि दुसरा ब संगणकावर.

बाईंनी ती ओळ वाचली आणि लगेच त्यांची नजर वर गेली. शोधायला. सापडल्यावर त्या नुसत्या “हं” म्हणाल्या. मग साहेबांना म्हणाल्या, “हेच छापा. लोक दुसरा ब शोधत उभे राहतील. उभे राहिले की तारखा वाचतील. तुमच्या त्या हस्तनिर्मितवर कोण थांबतंय?”

त्यांना माझं म्हणणं पटलं असं नाही. त्यांना तिकिटं खपवायची आहेत. पण ओळ राहिली आणि ब राहिला, आणि दोन्ही मला हवे तसे राहिले.

बाहेर पायऱ्यांवर साहेब म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत ये. नंतर तुझं तू बघ.” रागाने म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं. मी ‘बरं’ म्हटलं.

टाचणी


९ डिसेंबर

आई,

पोस्टर लागलं. बसथांब्यावर, बँकेच्या भिंतीवर, दवाखान्याच्या कुंपणावर. तुझ्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा, दूधवाल्याच्या फळीवर. तो रस्ता टाळून तू बाजारात जाऊ शकत नाहीस. मी नकाशा बघून खात्री केली. हे मी मुद्दाम केलं का? चिकटवणाऱ्यांना जागा मी सांगितली नव्हती. विचारली असती तर सांगितली असती.

बसथांब्यावर मी लांब उभी होते. दोन म्हातारे भांडत होते.

“दुसरा म्हणजे खालचा.”

“खालचाच बघतोय मी. धडधाकट तर आहे.”

“अहो, तोच! वरचा बघा, वरच्याला चिरा आहेत.”

“मग वरचा बिघडलाय ना. संगणकाने बिघडवला असणार.”

“खाली काय लिहिलंय वाचा. वरचा हाताचा आहे.”

“हाताने बिघडवला होय. मग बरोबर आहे.”

मी हसले नाही, कारण मला एकदम तू आठवलीस. हे तू ऐकायला हवं होतंस. बस आली, तरी ते चढले नाहीत.

स्टुडिओ सुटला. खोलीचं पुढच्या महिन्याचं काय, ते माहीत नाही. स्कॅनर माझा आहे, पातं माझं आहे. मला पश्चात्ताप होतोय का, हे मी रोज सकाळी एकदा तपासते. होत नाही. भीती वाटते, ती वेगळी.

पोस्टरची एक प्रत सोबत घडी करून पाठवतेय. घडी मुद्दाम ब वरून जाऊ दिली नाही. लहानपणी माझं प्रत्येक काम तू लाल पेन्सिल घेऊन तपासायचीस आणि न बोलता माझ्या उशीवर ठेवायचीस. तसंच तपास. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण लहान मुलीचं म्हणून तपासू नकोस.

टाचणी


१८ डिसेंबर

आई,

पोस्टर परत मिळालं. मामाने आणून दिलं. “काय म्हणाली?” विचारलं तर म्हणाला, “पेन्सिलीला टोक काढून दे म्हणाली. बाकी काही नाही.”

मी दार लावून ते जमिनीवर पसरलं.

पहिल्या रांगेतल्या भुकेल्या खुर्चीला तू बाण केला आहेस आणि कडेला लिहिलंयस, ‘बरी’. तारखांमधल्या एका आकड्याखाली रेघ आहे. तो तिरका गेलाय, कबूल. आणि पहिल्या ब च्या खालच्या पुलाभोवती गोल करून एकच शब्द: ‘जाड’.

दुसऱ्या ब वर काही नाही. मी शिंप्याकडून भिंग मागून आणलं. पेन्सिलीचा ठिपका नाही, खोडल्याची खूण नाही, कागद कुठे दबलेला नाही. तुझी पेन्सिल त्याच्या बाजूने जाऊन शेजारी घ वर थोडी थांबली आहे, तिथे बारीक रेघ उठली आहे. म्हणजे तुझ्या नजरेतून तो निसटला नाही. तुला तो आवडला असंही मी धरून चालत नाही. तू त्याला दुरुस्त केलं नाहीस, एवढंच मला माहीत आहे, आणि तू दुरुस्त न करता सोडलेली वस्तू मी आजवर पाहिलेली नाही.

आता माझं ऐक.

येत्या रविवारी मी स्कॅनर घेऊन छापखान्यात येतेय. जड आहे, मामा एक बाजू धरेल. तो नाही म्हणाला होता, मग तुझ्या घरचं जेवण आठवून हो म्हणाला. मला अर्धं टेबल लागेल. खिडकीकडची बाजू तुझीच राहू दे, स्कॅनरला उजेड लागत नाही. कपाटाचं कुलूप काढू नकोस, तुझे साचे मला नकोत, मी माझे कापीन. पुठ्ठ्याला तेवढं तेल पाजून ठेव, ते मला अजून तुझ्यासारखं जमत नाही. नव्या व्यवस्थापक बाईंना उन्हाळ्यातल्या हंगामासाठी पोस्टर हवंय आणि त्यांनी या वेळी स्टुडिओला नाही, मला विचारलंय. मी त्यांना सांगितलं की आम्ही दोघी करू, आणि कुणी काय केलं ते खाली लिहू. तुला विचारायच्या आधी सांगितलं. त्यावर रागवायचं असेल तर समोर रागव. दाराला आतून कडी घातलीस तर मी पायरीवर बसून राहीन, आणि गल्लीतले सगळे येऊन विचारतील काय झालं. मग त्यांना उत्तरं तू द्यायची.

राहिला तो पूल. तुझ्या मापाचा बारीक होता, तो फाटला. माझा जाड होता म्हणून टिकला, आणि तो टिकला म्हणूनच आज तुझ्या पेन्सिलीला गोल करायला काहीतरी मिळालं. तो मी बारीक करणार नाही.

टाचणी